छत्रीला शून्य

१

शाळेच्या दारावर निकालाचा कागद डकवला गेला, तेव्हा लोकांना आधी वाटलं की एक आकडा लिहायचा राहूनच गेलाय. शिडीला नेहमीसारखी भरघोस मतं होती, टेबलाला नेहमीसारखी बऱ्यापैकी होती आणि छत्रीपुढे नुसता एक गोल होता. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की तो गोल म्हणजेच आकडा आहे.

छत्री ही पोस्टमास्तरीणबाईंची निशाणी. त्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांचं स्वतःचं मत याच केंद्रावर होतं. नवऱ्याचं, मुलाचं आणि सुनेचंही इथेच. ज्यांच्याशी बोलल्याशिवाय बाईंचा दिवस मावळत नसे, त्या दवाखान्यातल्या सिस्टरचंही इथेच. बाकीचं गाव गेलं खड्ड्यात, पण निदान ही मतं तरी गेली कुठे?

एवढ्यात त्यांचे यजमान बाहेर आले. गावात त्यांना गिरणीवाले म्हणत. मोजणीच्या वेळी ते बाईंचे प्रतिनिधी म्हणून आत बसले होते. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, मागे वळले आणि शाळेच्या दिशेने ओरडले, "चोर आहे तो गुरुजी. मतं चोरली त्याने."

रात्रीपर्यंत केंद्राचे अधिकारी असलेल्या गुरुजींच्या खिडकीची काच फुटली होती.

तसं पाहिलं तर या गावात मत ही विचार करून द्यायची वस्तू नव्हतीच, ती वडिलांकडून मिळायची. वरची आळी शिडीची, खालची आळी टेबलाची. मुलगी वरच्या आळीतून खालच्या आळीत नांदायला गेली की आडनावाबरोबर निशाणीही बदलायची, आणि माहेरी आली की त्या विषयावर ती मूग गिळून बसायची. पोस्टातून निवृत्त झाल्यावर बाईंना हे बघवेना आणि त्या नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. नळाला येणारं गढूळ पाणी बाटलीत भरून त्यांनी ते दारोदार दाखवलं. लोकांनी बाटली बघितली, चहा पाजला आणि "अगदी बरोबर आहे तुमचं" म्हणून दारापर्यंत सोडायला आले.

दुसऱ्या दिवशी बाई वकीलसाहेबांकडे आल्या. साहेबांचं ऑफिस सायकलच्या दुकानावरच्या खोलीत होतं. आयुष्यभर त्यांनी बांधावरून भांडणाऱ्या भावांची भांडणं मिटवली होती, म्हणजे खरं तर लांबवली होती. त्यांचा वॉर्ड वेगळा होता, त्यामुळे या शून्यात त्यांचा काही वाटा नव्हता.

"शपथेवर तक्रार दिलीत, तर गुरुजींची नोकरी जाईल," ते म्हणाले. "राहतात तीही खोली शाळेची. घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे त्यांची."

"चोरली असतील तर जाऊ दे नोकरी," बाई म्हणाल्या. "आणि नसतील चोरली, तर तसं मला सांगा. मी स्वतः छत्रीवर शिक्का मारलाय, साहेब. तो कुठे गेला ते शोधा. तुम्ही सांगेपर्यंत मी तक्रारीवर सही करत नाही."

साहेबांनी वकीलपत्रावर तिकीट चिकटवलं. त्यांची बोटं संधिवाताने धड वळत नसत, म्हणून बाईंनीच रबरी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि ठक्कन मारला. अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर.

"पोस्टात जन्म गेला," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच जरा हसल्या.

त्या गेल्यावर साहेबांनी बाईंनी सोबत आणलेली बाकीच्या चौघांची प्रतिज्ञापत्रं वाचली. नवरा, मुलगा, सून, सिस्टर. चौघांनीही देवाशपथ छत्रीलाच मत दिलं होतं. म्हणजे एक तर गुरुजी खोटे होते, नाहीतर हे चौघं.

२

गुरुजींच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता. आतल्या खोलीतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. गुरुजी दर थोड्या वेळाने उठून आत जात, परत येत आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे नेत. वर्गात शिकवण्याचा तोच एक फायदा असावा.

"पेटी रिकामी दाखवली, सगळ्यांसमोर सील केली. मतदान संपल्यावर तिथेच फोडली. माझ्या टेबलावरून ती हललीच नाही. जेवढी माणसं येऊन गेली, तेवढ्याच मतपत्रिका निघाल्या. साहेब, मी चोरू कधी आणि ठेवू कुठे?"

"बाद काही निघाल्या?"

"थोड्या निघाल्या. एक कोरी होती. एकीवर तिन्ही चौकटींत शिक्के होते, कुणीतरी सगळ्यांवरच राग काढला होता. आणि एक रेघेवरची."

"रेघेवरची म्हणजे?"

"छत्रीची चौकट मधली, तिच्याखाली टेबल. शिक्का बरोबर मधल्या रेघेवर. अर्धा छत्रीत, अर्धा टेबलात. अशी मतपत्रिका नियमाने बाद होते."

"उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवलीत?"

"प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे धरली. शिडीवाल्याने मान डोलावली, टेबलवाल्याने डोलावली. गिरणीवाल्यांनी जरा जास्त वेळ बघितली, चष्मा काढून पुसला, परत बघितली. मग तेही 'बाद' म्हणाले. निकालाच्या कागदावर सही केली, पेनचं टोपण लावून पेन मला परत दिलं, 'येतो' म्हणाले. आणि बाहेर जाऊन मला चोर म्हणाले."

साहेब दारातल्या पायऱ्या उतरताना थांबले. आत बसलेला माणूस निमूटपणे सही करतो आणि बाहेर येऊन ओरडतो. मधे घडलं काय, तर फाटकाशी उभी असलेली बायको त्याच्या नजरेला पडली.

३

गावाला पाणी सोडणारा पंप बाईंचा मुलगा चालवायचा. नोकरी रोजंदारीवरची, आणि उद्या कामावर कोण असेल हे ठरवायचे भाऊ. भाऊ म्हणजे शिडीवाले नगराध्यक्ष. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा.

"शिक्का कुठे मारलास रे?" साहेबांनी विचारलं.

"छत्रीवर, काका. लिहून दिलंय ना."

"ते वाचलं मी. मतपत्रिकेवर छत्री होती कुठे?"

"वरच होती. सगळ्यात वरच्या चौकटीत. आईच्या पत्रकावर होती तशीच."

बाईंचं पत्रक छापलं तेव्हा निशाण्यांचा क्रम ठरायचा होता आणि छापखान्याने छत्री सगळ्यात वर छापून टाकली होती. साहेबांनी त्याला तेवढं सांगितलं. आणि हेही सांगितलं की खऱ्या मतपत्रिकेवर सगळ्यात वर शिडी होती.

मुलाने पंपाची चावी उगाचच थोडी फिरवली आणि परत होती तिथे आणली.

"भाऊ काही बोलले नव्हते हो," तो म्हणाला. "आदल्या दिवशी इथे येऊन नुसते उभे राहिले आणि म्हणाले, पंप छान ठेवलायस. एवढंच." त्याने फडक्याने पंपावरचं तेल पुसलं. "मला वाटलं, बाबांचं मत आहे, हिचं आहे, सिस्टरचं आहे. माझं एक नसलं म्हणून काय बिघडतंय."

तिथून साहेब बाईंच्या घरी गेले. सूनबाई बाळाला भरवत होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बाळाच्या तोंडाकडे चमचा नेत नेत त्या सांगून मोकळ्या झाल्या.

"मी टेबलावर मारला. माझ्या माहेरची निशाणी. नर्सिंगला नंबर लागलाय माझा. आई पोस्टातून सुटल्या की बाळाला बघतील आणि मी शिकायला जाईन, असं ठरलं होतं. मग त्यांनी पाण्याचं काढलं. निवडून आल्या असत्या, तर मी इथेच बसले असते, हा चमचा घेऊन."

"मग प्रतिज्ञापत्रावर सही का केलीत?"

"सगळेच सह्या करत होते. मी एकटीने कसं नाही म्हणायचं? आणि मला काय माहीत, बाकीच्यांनीपण असंच केलंय ते." चमचा थांबला. "केलंय ना?"

साहेब जायला उठले. बाळाने तोंड उघडं ठेवलं होतं.

४

दवाखान्यात सिस्टर एकट्याच पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होत्या. साहेबांना बघून त्यांनी दार लोटलं.

"तुम्हाला माहितीय ना साहेब, प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा लागतो? छत्रीला या केंद्रावर चार-पाच मतं दिसली असती, तर भाऊंनी ती बसल्या बसल्या बोटांवर मोजली असती. घरच्यांना माफ असतं. आईला मत दिलं म्हणून मुलावर कोण रागावणार? पण घरची सोडून जे एक उरलं, ते कुणाचं? दुसरं कोण आहे तिच्याजवळ, मी सोडून?"

"मतदान गुप्त असतं, सिस्टर."

"गुप्त मोठ्या गावात असतं." त्या हळूच म्हणाल्या. "हा दवाखाना बंद करायला त्यांना निमित्त हवंय. मी घाबरले. शिडीवर मारला आणि घरी येऊन रडले. म्हटलं, घरची मतं तर तिला आहेतच."

निघताना त्यांनी साहेबांची बाही धरली. "तिला सांगू नका. रोज संध्याकाळी येते ती इथे. मी चांगली आहे असं समजून येते."

साहेब ऑफिसात येऊन खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. एकेकाने केसाने गळा कापला होता, आणि एकाच्याही मनात वैर नव्हतं. प्रत्येकाने आपलं मत दुसऱ्याच्या भरवशावर काढून घेतलं होतं. पण बाईंचं स्वतःचं मत? त्या खोटं बोलत नव्हत्या, याबद्दल साहेब पैज लावायला तयार होते.

त्यांनी फाईल उघडली. वर वकीलपत्र होतं. तिकिटाच्या कडेवर शिक्का, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिकीट सोलून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून पोस्टात शिक्का असाच मारतात. बाईंच्या हाताला आयुष्यभर तेच वळण. हातात रबरी शिक्का, समोर कागद, कागदावर चौकट. मन छत्रीवर होतं, पण हात नेहमीप्रमाणे कडेवर गेला.

म्हणजे रेघेवरची ती बाद मतपत्रिका बाईंची होती. आणि तीच मतपत्रिका एका माणसाने चष्मा पुसून दोनदा बघितली होती.

५

गिरणीचा पट्टा फिरत होता तोवर बोलणं शक्यच नव्हतं. गिरणीवाल्यांनी शेवटचं दळण उतरवलं, खटका ओढला आणि भुवयांवरचं पीठ पुसलं.

"सगळ्यांकडे जाऊन आलात म्हणे," ते म्हणाले. "माझीच पाळी राहिली होती."

"तुमचा शिक्का कुठे गेला?"

"शिडीवर." ते पोत्यावर बसले. "वडील शिडीचे, आजोबा शिडीचे. मी आत गेलो तेव्हा छत्रीवरच मारणार होतो, खोटं नाही सांगत. उभा राहिलो, राहिलो. बाहेरून गुरुजी म्हणाले, झालं का? आणि हात वर गेला. हाताला दुसरं काही येतच नाही, साहेब. बाहेर आलो तेव्हा मनाला म्हटलं, पोराने तर दिलं असेल, सुनेने दिलं असेल."

"ते मला कळतं," साहेब म्हणाले. "न कळणारी गोष्ट पुढची आहे. गुरुजींनी रेघेवरची मतपत्रिका समोर धरली, तेव्हा तुम्ही ओळखलीत ती?"

गिरणीवाले पायाजवळच्या सांडलेल्या पिठाकडे बघत राहिले.

"तिच्याशी लग्न करून उभा जन्म काढलाय. आमच्या घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरपण ती तसाच शिक्का मारते. ओळखली म्हणजे काय, लगेच ओळखली."

"मग वाद का नाही घातलात? छत्रीकडे जरा जास्त झुकलाय म्हणायचं. टेबलात नुसती शाई लागलीय म्हणायचं. काहीही. प्रतिनिधीला त्यासाठीच तर आत बसवतात."

"घातला असता." त्यांचा आवाज खाली गेला. "पण तोपर्यंत सगळे गठ्ठे लागले होते. छत्रीचा गठ्ठा नव्हताच. ती एक मतपत्रिका मान्य झाली असती, तर छत्रीला एक मत. एक म्हणजे तिचं स्वतःचं, हे कुणालाही कळलं असतं. तिलाही कळलं असतं. मग तिने पहिला प्रश्न काय विचारला असता? तुमचं कुठेय?" त्यांनी साहेबांकडे बघितलं. "शून्य असलं की चोरी म्हणता येतं. एक असलं की घरचेच उघडे पडतात."

साहेबांना पहिल्यांदाच या माणसाची भीती वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे दयाही आली.

६

बाई ठरल्या वेळी आल्या. तक्रारीचा कागद टेबलावर होताच. साहेबांनी तो बाजूला सरकवला.

"चोरी झाली नाही, बाई."

"कशावरून?"

"एक तर पेटी हलली नाही आणि मतपत्रिका कमी-जास्त निघाल्या नाहीत. म्हणजे चोरी करायची तर मतपत्रिका बदलायला हव्यात, तीन प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत. बरं, समजा बदलल्या. बदलणारा माणूस शून्य ठेवेल का? तुमचं मत तुम्हाला असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. चोराने तुमची चार मतं नक्की ठेवली असती, संशय येऊ नये म्हणून. शून्य फक्त प्रामाणिक मोजणीतच निघू शकतं."

साहेबांनी वकीलपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि तिकिटावर बोट ठेवलं. मग गुरुजींनी सांगितलेली रेघेवरची मतपत्रिका सांगितली.

बाईंनी शिक्क्याकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि साहेबांना वाटलं, आपण हा धंदा फार पूर्वी सोडायला हवा होता.

"हे माझं झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीची?"

साहेबांनी प्रत्येकाचं थोडक्यात सांगितलं. मुलाचं, सुनेचं, सिस्टरचं. कारणंही सांगितली, कारण कारणांशिवाय ते फारच भयंकर वाटलं असतं. शेवटी नवऱ्याचा हात शिडीवर कसा गेला तेही सांगितलं. गिरणीत ऐकलेली शेवटची गोष्ट मात्र त्यांनी गिळून टाकली.

बाईंनी पदराने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणीच नव्हतं.

"कुणीच नाही म्हणजे," त्या म्हणाल्या. "पाणी सगळ्यांच्याच घरात गढूळ येतं, साहेब. आमच्यापण." मग त्यांनी विचारलं, "ती मतपत्रिका बाद केली, तेव्हा आत हे बसले होते ना?"

"हो."

"दाखवतात ना प्रतिनिधींना?"

साहेबांनी वकीलपत्र उचलून फाईलमध्ये परत ठेवलं. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, त्याचा आवाज वर येत होता.

"आलं लक्षात," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाजूला सरकवलेला कागद पुन्हा आपल्याकडे ओढला आणि पेन मागितलं.

"बाई, गुरुजींनी काहीही केलेलं नाही. आत्ताच सांगितलं मी तुम्हाला."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग मी घरी जाऊन काय करू?" त्यांनी विचारलं. राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. "चोरी झाली नाही म्हणून सांगायचं? मग जेवायला वाढताना कुणाच्या तोंडाकडे बघू? संध्याकाळी दवाखान्यात कशाला जाऊ? या वयात दुसरं घर कुठून आणू? चोरी झाली असेल, तर ही सगळी माझी माणसं आहेत. नसेल झाली, तर मला कुणीच नाही. ते निकाल लागल्यापासून माझ्या पुढे-मागे करतायत, साहेब. सुनेने डोक्याला तेल लावून दिलं. पोरगा म्हणतो, आई, आपण त्या गुरुजीला सोडायचं नाही. इतकं कधी केलं नव्हतं त्यांनी माझ्यासाठी."

"आणि गुरुजींची आई?"

बाईंचा हात थांबला. साहेबांना क्षणभर आशा वाटली. मग बाईंनी सही केली, पूर्ण नावानिशी, एकेक अक्षर सुटं.

"हे मी दाखल करणार नाही," साहेब म्हणाले.

"दुसरे वकील आहेत," बाई म्हणाल्या, आणि कागद घेऊन उठल्या.

७

तक्रार दुसऱ्या वकिलाने दाखल केली. मग गावात मोर्चा निघाला. वरची आळी आणि खालची आळी एका रस्त्याने एका दिशेला चालताना तोवर कुणी बघितली नव्हती. मतदाराच्या पवित्र हक्कावर भाऊ इतकं तळमळून बोलले की टेबलवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. छत्रीला मत न देणाऱ्या प्रत्येकाला चोर सापडल्याचा मनापासून आनंद झाला होता. पुढच्या रांगेत बाई होत्या. एका बाजूने त्यांचा हात सिस्टरने धरला होता, दुसऱ्या बाजूने गिरणीवाल्यांनी.

गुरुजींना निलंबनाचा आदेश मिळाला आणि खोली रिकामी करायला सांगितलं गेलं. ते साहेबांकडे आले आणि म्हणाले, "माझी केस घ्या."

"नाही घेता येत मला. त्या माझ्या अशील होत्या. त्यांच्या बाजूचं जे मला कळलंय, ते मी कुठेही बोलू शकत नाही."

गुरुजी हुशार होते. त्यांनी साहेबांकडे टक लावून बघितलं. "म्हणजे तुम्हाला कळलंय काहीतरी."

साहेबांनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"निदान एवढं तरी म्हणा की मी चोरलं नाही."

"तुम्ही चोरलं नाहीत, गुरुजी."

"बाहेर म्हणाल?"

बाहेर म्हटलं असतं तरी ऐकणार कोण होतं, हेही साहेबांना माहीत होतं. त्या चौघांनी शपथेवर लिहून दिलं होतं आणि पाचवीने सही केली होती. पण खरं सांगायचं, तर ते फक्त गुपितामुळे गप्प बसले नव्हते. त्यांनाही याच गावात मरायचं होतं.

"मी रात्री विचार करत बसतो," गुरुजी म्हणाले. "ती रेघेवरची मतपत्रिका मी छत्रीच्या बाजूला ठेवली असती, तरी कुणी हरकत घेतली नसती. एका मताने कुणाचं काय जाणार होतं? ठेवायला हवी होती का मी?"

"नियम काय सांगतो?"

"बाद."

"मग तुम्ही बरोबरच केलंत."

गुरुजींनी मान हलवली. बरोबर केल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर कुठेच दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं, गावात हातगाडी कुणाकडे मिळेल? आईला खाटेसकट न्यायचं होतं आणि टेम्पोवाला यायला तयार नव्हता.

साहेब खिडकीशी गेले आणि त्यांनी खाली सायकलवाल्याला हाक मारली.